नलिकेतील गर्भधारणेनंतर: असे का झाले असावे?

प्रश्न: गेल्या महिन्यात, सातव्या आठवड्यात, गर्भ गर्भाशयात नसून उजव्या नलिकेत (बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या गर्भनलिकेत) असल्याचे सोनोग्राफीत दिसले आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती नलिका काढावी लागली. जखमा भरल्या, पण पाण्याची कळशी उचलली म्हणून असे झाले, हे घरातले बोलणे मनातून जात नाही. खरे कारण काय असेल?

उत्तर १: ताई, ओझे उचलल्याने गर्भ नलिकेत रुजत नाही. नलिका आतून खराब झालेली असली, की फलित बीज गर्भाशयापर्यंत न पोहोचता वाटेतच रुजते. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूचा जुना संसर्ग, नलिकेवरील आधीची शस्त्रक्रिया, धूम्रपान आणि आपल्याकडे विशेषतः जननमार्गाचा क्षयरोग यांनी हा धोका वाढतो. मात्र सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये यांपैकी काहीच आढळत नाही. काढलेल्या नलिकेचा पॅथॉलॉजी (प्रयोगशाळेतील तपासणीचा) अहवाल डॉक्टरांकडून अवश्य समजून घ्या.

उत्तर २: माझ्यावर शस्त्रक्रियेऐवजी मेथोट्रेक्सेट या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने उपचार झाले, त्यामुळे बीटा एचसीजी (गर्भधारणेत रक्तात वाढणारे संप्रेरक) पूर्ण उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासले आणि पुढे ३ महिने गर्भधारणा टाळायला सांगितले. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी (पुढच्या गर्भाला रक्तगटाच्या विसंगतीपासून जपणारे इंजेक्शन) दिले का, हे विचारा. शरीर सावरल्यावरही मी कित्येक आठवडे रडत होते. ते बाळ गमावण्याचेच दुःख आहे, ते लपवू नका.

उत्तर ३: पुन्हा असे होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते, म्हणून पुढच्या वेळी सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या.