विषय: इराकला पाठवायचे सिनेमे

नमस्कार मंडळी,
आपल्या एका सभासदांचा मुलगा अमेरिकन आर्मीतून इराकला गेलाय, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ड्यूटी संपली की पाच-सहा जण एका लॅपटॉपपुढे दाटीवाटीने बसतात आणि असलेल्या चार डीव्हीडी सगळ्यांच्या पाठ झाल्यात, असं त्याने आईला सांगितलं. पाडव्याच्या कार्यक्रमाला हॉलच्या दाराशी खोका ठेवतोय. घरातल्या डीव्हीडी आणाव्यात. युद्धपट असतील तर उत्तमच.
– सचिव

---

सचिवसाहेब,
खोक्याची कल्पना मनापासून आवडली. युद्धपट मात्र नकोत, हे अगदी कळकळीने सांगते. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सरहद्दीवरच्या ठाण्यावर कधीमधी १६ मिमीचा प्रोजेक्टर यायचा. दोन बांबूंना चादर बांधायची. उशिरा आलेले चादरीच्या मागे बसायचे, त्यांना पडद्यावरची सगळी माणसं डावखुरी दिसायची. दादा सांगायचे, लढाई सुरू झाली की जवान उठून बिडी ओढायला जात. पण कुणी चुलीपुढे भाकरी थापायला बसलं, की सगळे गप्प. एकदा रीळ मध्येच तुटलं, तर ते जोडेपर्यंत कुणी थंडीतून हललं नाही. इकडे गावी आम्ही विविध भारतीवर 'जयमाला' लावून बसायचो, फौजी भाईंच्या फर्माइशीत दादांचं नाव येईल म्हणून. कधीच आलं नाही, तरी रेडिओ बंद करवत नसे.

अजून एक. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना मराठी कुठून येणार? इंग्रजी सबटायटल असलेलेच पाठवा, नाहीतर तो एकटाच हसेल.
– साताऱ्याच्या काकू

---

काकूंचं पटलं. बायको आर्मीच्या रिझर्व्हमधून, म्हणजे राखीव दलातून, तिकडे गेली तेव्हा वर्षभर मी पार्सलं पाठवली, म्हणून थोडं लिहितो. 'कोणत्याही सैनिकास' अशा पत्त्यावरचं टपाल २००१ मध्ये अँथ्रॅक्सचे जंतू घातलेल्या पाकिटांनंतर बंद झालं, त्यामुळे नाव आणि युनिट हवंच. पत्त्यात 'इराक' लिहायचं नाही, नुसतं एपीओ एई, म्हणजे लष्करी टपालाचा कोड. दर देशातलाच लागतो, पण कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो. डीव्हीडी प्लास्टिकच्या डब्यांतून काढून कागदी पाकिटांत घाला, खोक्यात कितीतरी जास्त मावतात. नकली कॉप्या कृपया नकोत. आणि प्रत्येक डिस्क घरी शेवटपर्यंत लावून बघा. मी पाठवलेली एक निम्म्यावर अडकायची. मला ते कळेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तिने तोवर एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

१६ मिमीवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडने आपले सिनेमे १६ मिमीवर उतरवून परदेशातल्या अमेरिकन फौजांना फुकट दिले होते. आपला खोका लहान असेल, पण काम तेच आहे.
– वाचनालय समिती

---

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री त्याचा फोन आला, तेव्हा विचारून घेतलं. विनोदी हवेत म्हणाला. आणि एखादा जुना, आजोबा इथे आले की व्हिडिओ कॅसेट लावून बघायचे तसला. कुठलाही चालेल, बैलगाडी असली म्हणजे झालं. कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून खोक्यापाशी थांबते. फॉर्म कुणीही भरा, पत्ता मात्र मीच लिहीन. त्याला माझं अक्षर लांबून ओळखू येतं.
– त्याची आई