रेअर अर्थ मूलद्रव्यं दुर्मिळ नाहीत हे खरं, पण डिस्प्रोशियमचं काय?

रेअर अर्थ म्हणजे 'दुर्मिळ मृदा' मूलद्रव्यांबद्दल "नाव फसवं आहे, ही मूलद्रव्यं दुर्मिळ नाहीतच, केरळची वाळू उपसली की आपलं भागेल" असं म्हटलं जातं. त्यातलं पहिलं अर्धं मान्य. त्यांतलं सिरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. पण केरळमधल्या चवऱ्याच्या काळ्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजात मुख्यतः लँथेनम, सिरियम, निओडिमियम हीच या गटातली हलकी मूलद्रव्यं मिळतात, आणि सोबत ८-१० टक्के किरणोत्सारी थोरियम ऑक्साइड येतं. इलेक्ट्रिक गाडीची मोटर तापली तरी तिच्यातल्या निओडिमियमच्या चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम ही याच गटातली जड मूलद्रव्यं घालावी लागतात, ती या वाळूत अगदी नावापुरती.

ती येतात मुख्यतः दक्षिण चीनमधल्या आणि म्यानमारच्या काचिन भागातल्या चिकणमातीतून. तिथे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी खाण नसतेच. डोंगरावर भोकं पाडतात, त्यांत अमोनियम सल्फेटचं पाणी सोडतात आणि खाली झिरपलेलं पाणी पायथ्याच्या गोल हौदांत साठवून त्यातून ही मूलद्रव्यं गाळाच्या रूपात खाली बसवतात. टनभर मातीतून या गटातली सगळी मूलद्रव्यं मिळून हाती लागतं साधारण अर्धा ते दीड किलो. रसायन मुरतं ओढ्यात आणि विहिरीत, भिजून सैल झालेला उतार पावसात खाली येतो. हे भोगतात ते त्या डोंगराखालच्या गावातले लोक, ज्यांच्या दारात इलेक्ट्रिक गाडी नाही. मागच्या महिन्यात मी जुनी हार्ड डिस्क उघडली, आत बोटभर लांबीचे दोन निओडिमियमचे चुंबक निघाले, एकमेकांना चिकटले ते पेचकस घालूनच सुटले. आमच्याकडचा भंगारवाला ते लोखंडाच्या भावात घेतो. नव्या खाणींइतकीच चर्चा अशा जुन्या चुंबकांतून ही मूलद्रव्यं परत मिळवण्याचीही व्हायला हवी.