कुकीचे पीठ मळावे, चोळावे की फेसावे?

मूळ प्रश्न (ठाणे, घोडबंदर रस्ता)

आमच्या गृहसंकुलात गणेशोत्सवाच्या वेळी पाककृतींची एक छोटी पुस्तिका निघते आणि तिचे संपादन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी तिच्यात मी घरी करायच्या लोण्याच्या कुकीची कृती दिली होती. प्रमाण माझ्या हातातले होते, तरीही तीन शेजारणींनी ती करून पाहिली आणि तिघींच्याही कुक्या खापरासारख्या कडक झाल्या. चौकशी केल्यावर दोष माझ्याच एका वाक्यात सापडला. मी लिहिले होते, ‘सर्व जिन्नस एकत्र करून पीठ चांगले मळून घ्यावे.’ जिच्या हाताला पोळ्यांची कणीक रोजची आहे, ती हे वाक्य वाचून जे करील तेच त्यांनी केले; दहा मिनिटे मनगट लावून पीठ मळले. यंदाच्या पुस्तिकेत ही कृती दुरुस्त करून द्यायची आहे. तेथे नेमके कोणते क्रियापद योजावे? शिवाय चांगल्या कुकीला खुसखुशीत म्हणावे की कुरकुरीत, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद (वाशी)

ताई, निदान बरोबर आहे. मैदा ओला करून मळला की त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेनचे जाळे तयार होते आणि पीठ लवचीक होत जाते. पोळीला आणि पावाला हे जाळे हवेच असते. पुरणपोळीची कणीक तर आपण नुसती मळतही नाही, तेलापाण्याचा हात लावून ती तिंबतो, कारण पोटात पुरण घेऊन तिला न फाटता पसरायचे असते. कुकीला मात्र दाताखाली सहज मोडायचे असते, म्हणून तेथे हे जाळे जितके कमी तितके चांगले. आपण वेगळे पाणी घातले नाही असे वाटते खरे, पण बाजारच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणीच असते. दहा मिनिटांच्या मळण्याला तेवढे पाणी पुरते.

आता क्रियापदांकडे वळतो. आपल्या स्वयंपाकघरात पिठात स्निग्ध पदार्थ घालण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना स्वतंत्र शब्द आहेत. शंकरपाळ्यांसाठी किंवा करंजीच्या पारीसाठी आपण पिठाला मोहन चोळतो, मुठीत दाबून मुटका वळतो का ते पाहतो, आणि मगच पीठ भिजवतो. चोळल्याने पिठाच्या कणाकणाला तूप लागते, त्यामुळे पुढे पाणी किंवा दूध घातले तरी त्याचा शिरकाव कमी होतो. नानकटाईची रीत याच्या उलट आहे. तेथे आधी तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने एकाच दिशेने फिरवत पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत फेसतात आणि मैदा शेवटी घालतात. चिरोट्याचा साटाही असाच फेसला जातो. आपल्या लोण्याच्या कुकीची कृती या दुसऱ्या कुळातली आहे. तेव्हा लोणी-साखरेसाठी ‘फेसणे’ आणि मैद्यासाठी ‘हलक्या हाताने गोळा करणे’ असे लिहावे. ‘मळणे’ हा शब्द त्या पानावर कोठेही येऊ देऊ नये.

प्रतिसाद (नेरूळ)

‘फेसणे’ऐवजी ‘फेटणे’ लिहिले तर चालणार नाही का? नव्या पिढीला तो शब्द अधिक ओळखीचा आहे, आणि आमच्या घरातील मुलींना ‘फेसणे’ म्हणजे साबणाचा प्रकार वाटतो.

पुन्हा वाशी

चालेल, पण थोडे हरवेल. फेटतो ते पातळ किंवा पातळ होऊ शकणारे असते: अंडे, दही, साय. त्यात हात किंवा काटा झपाट्याने चालतो. तूप-लोण्यासारखा घट्ट पदार्थ रेटून, घासून हलका करायचा असतो. मोहरी फेसतो तेव्हाही जोर आणि घर्षण असतेच. ‘घुसळणे’ तर आणखी निराळे, कारण घुसळून आपण लोणी वेगळे काढतो, तर फेसून त्यात हवा भरतो. साखरेच्या कणांबरोबर लोण्यात शिरलेली ही हवाच ओव्हनमध्ये कुकीला हलकेपणा देते. शब्द जुना वाटला तर कंसात एक ओळ खुलासा द्यावा, शब्द बदलू नये, असे माझे मत आहे.

जाता जाता एक सूचना. लोणी मऊ असावे, वितळलेले नव्हे. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर ठेवलेले लोणी पाहता पाहता तेलकट होते, वितळलेल्या लोण्यात हवा धरून ठेवली जात नाही आणि कुक्या ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटतात. म्हणून ‘नेहमीच्या तापमानाचे लोणी’ असे लिहू नये. ‘बोट दाबल्यास खळगा पडेल इतके मऊ’ असे लिहावे.

प्रतिसाद (कोपरी, ठाणे पूर्व)

खुसखुशीत आणि कुरकुरीत यांतील फरक कानाने ठरवावा. कुरकुरीत वस्तू चावताना आवाज करते: कुरडई, पापड, चकली. खुसखुशीत वस्तू दाताखाली आवाज न करता चुरते आणि तोंडात विरघळते. करंजीची पारी तशी असते आणि नानकटाई तर त्याचा नमुनाच आहे. भरपूर स्निग्धांश आणि कमी ग्लूटेन असलेली आपली लोण्याची कुकी खुसखुशीत ठरते. साखर जास्त घालून पातळ भाजलेली कुकी कुरकुरीत होते, आणि तो दोष नव्हे, प्रकार आहे. खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे. अमेरिकेत मधोमध मऊ आणि चावायला किंचित ओढ देणारी कुकी आवडीने खातात. त्या गुणासाठी मराठीत जे शब्द चटकन सुचतात ते म्हणजे वातड, चिवट, चामट, आणि ते सगळे तक्रारीचे आहेत. मी स्वतः ‘मधोमध मऊसर’ एवढेच लिहीन. ‘वातड कुकी’ हे नाव वाचून ती कोण करील?

‘कुकी’चे मूळ डच भाषेत आहे, तेथे त्याचा अर्थ लहान केक. ‘बिस्कीट’ फ्रेंचमधून आलेले, अर्थ ‘दोनदा भाजलेले’. त्या अर्थाने आपल्या बेकरीतला टोस्ट हेच खरे बिस्कीट म्हणायचे. नानकटाईतील ‘नान’ म्हणजे फारसीत पाव-रोटी, आणि ‘खता’ हे उत्तर चीनचे जुने फारसी नाव. लेखनाविषयी सांगायचे तर ‘बिस्कीट’मधील की दीर्घ, पण ‘बिस्किटे’, ‘बिस्किटाला’ यांत कि ऱ्हस्व, जसे वकील आणि वकिलाला. ‘कुकी’चे अनेकवचन आपण वर ‘कुक्या’ केले आहे ते काठी-काठ्या या चालीने शुद्धच आहे. ‘कुकीजना’ म्हणणे मात्र बहुवचनावर बहुवचन चढवणे होय. आणि ‘लोण्याची कुकी’ लिहिता हेही बरेच आहे, कारण आमच्या बेकरीत ‘पाव किलो बटर’ मागितले तर चहात बुडवायचे ते कडक गोल बटर हातात पडते.

प्रतिसाद (नेरूळ)

एक शब्द मीही सुचवते. कृतीच्या शेवटी बहुतेक जण ‘थंड करून डब्यात भरावे’ असे लिहितात. माझ्या सुनेने ते वाचून ट्रे थेट फ्रिजमध्ये ठेवला. आपल्याकडे त्यासाठी ‘निवणे’ हा शब्द आहे: आपोआप, उघड्यावर, वाफ जाऊन. ओव्हनमधून काढलेली कुकी मऊच लागते आणि निवताना घट्ट होते. हे ठाऊक नसल्याने माणूस ती पुन्हा भाजायला ठेवतो आणि करपवतो. गरम असतानाच डब्यात भरली तर वाफ धरते. आणि जुलै महिन्यात खाडीकाठच्या हवेत झाकण सैल राहिले तर दुसऱ्या दिवशी ती सादळलेली असते. ‘सादळणे’ हा शब्दही घ्यावा. ‘मऊ पडणे’ म्हटल्याने दमट हवेचा दोष कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘फेसणे’ ठेवत आहे आणि कंसात खुलासाही देत आहे. दुरुस्त मजकूर असा: ‘बोट दाबल्यास खळगा पडेल इतके मऊ लोणी १०० ग्रॅम आणि पिठीसाखर ६० ग्रॅम एकत्र घेऊन पांढरट व हलके होईपर्यंत फेसावे (तळहाताने किंवा चमच्याने रेटत एकाच दिशेने फिरवावे). त्यात चाळलेला मैदा १५० ग्रॅम घालून हलक्या हाताने गोळा करावा. गोळा जमताच हात थांबवावा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पेढ्याएवढे गोळे किंचित दाबावेत आणि १७० अंश सेल्सिअसला, कडा बदामी होईपर्यंत, साधारण १५ मिनिटे भाजावेत. ट्रेवरच निवू द्यावेत आणि पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, म्हणजे सादळणार नाहीत.’

मुद्रणप्रत शुक्रवारी जाईल. त्याआधी त्याच तीन शेजारणींना हा मजकूर देऊन एकेक घाणा भाजायला सांगितला आहे.