मदत हवी आहे : चिऊच्या मेणाच्या घराचे खिडकीतले उन्हचित्र

नागपुरात आमच्या सोसायटीतील चार ते सहा वर्षांच्या सात मुलांना मी दर रविवारी गोष्ट सांगते आणि नंतर त्याच गोष्टीवर काहीतरी करून घेते. या वेळी चिऊ-काऊच्या गोष्टीवरून खिडकीत टांगायची, ऊन आरपार येऊन रंग उजळतील अशी चित्रे करायचे ठरले. काऊच्या शेणाच्या घरासाठी काळ्या कार्डशीटची चौकट कापून तिला मागून तपकिरी पतंगी कागद चिकटवला. ते सोपे गेले. चिऊचे घर मात्र खरोखर मेणाचेच हवे, असा मुलांचा हट्ट होता. म्हणून मेणखडू किसून तो कीस बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये पसरला आणि वरून जुने सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवली. इस्त्री अर्थातच मीच धरली.

चित्र सुरेख झाले. पण पश्चिमेच्या खिडकीत काचेला चिकटवल्यावर दोनच दुपारी मेण मऊ पडून खाली ओघळले आणि कडांचा गोंदही सुटला. पावसात काऊचे घर वाहून जाते, आमच्याकडे उन्हात चिऊचेच गेले! मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काय होईल?

कीस कमी घ्यावा, की चित्र काचेपासून दूर, उत्तरेच्या खिडकीत टांगावे? मेणाऐवजी जिलेटीन कागद वापरला, तर लहान हातांनी तो सुरकुत्या न पडता कसा चिकटवावा? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.