थायलंडच्या किनाऱ्यावरील मुक्काम आणि जेवण : आपले अनुभव लिहा

फुकेत, क्राबी, को सामुई अशा ठिकाणी राहून आलेल्या वाचकांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. प्रेक्षणीय स्थळांची माहिती विपुल आहे. येथे अपेक्षा आहे ती हॉटेल कोणत्या विचाराने निवडले आणि त्या निवडीमुळे पानात काय पडले, हे सांगण्याची. माझ्या मते या दोन निवडी वेगळ्या नाहीतच. सुरुवात मीच करतो.

आम्ही पाच रात्री फुकेत बेटावरच्या पाटोंग किनाऱ्यावर आणि दोन रात्री फुकेतच्या जुन्या शहरात राहिलो. पाटोंगला समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे मोजले आणि उन्हाच्या तापाने दुपारभर पडदे ओढून बसलो, हे लिहिताना आज हसू येते. जवळच्या बांग्ला रोड या बारच्या रस्त्यावरचे संगीत मात्र पडद्यांना न जुमानता मध्यरात्रीनंतरही खोलीत येत असे. जवळच्या उपाहारगृहांत साऱ्या जगाचे पदार्थ होते. थाई पदार्थ तेवढे पाहुण्यांच्या जिभेला जपून, गोडसर केलेले. जुन्या शहरात किनारा नाही, म्हणून बरेच जण तेथील मुक्काम टाळतात. परंतु कथिलाच्या व्यापारातून संपन्न झालेल्या चिनी कुटुंबांच्या घरांमधून जाणाऱ्या त्या गल्ल्यांत सकाळी नूडल्सच्या दुकानात स्थानिक माणसांशेजारी बसून जेवता येते आणि दुपारी बर्फाच्या किसावर घातलेली ‘ओ-एव’ ही पारदर्शक जेली खाता येते. युनेस्कोने २०१५ मध्ये फुकेतला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. त्याचे कारण पाटोंगच्या पाच रात्रींत आम्हाला उमगले नव्हते.

*

मी पूर्ण शाकाहारी असल्यामुळे माझा अनुभव वरील लेखकापेक्षा थोडा निराळा आहे. हॉटेलमध्ये ‘व्हेजिटेबल करी’ मागवली, तर तीत मांस नव्हते. मात्र वाटणात ‘कापी’ म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा होता. यात फसवणूक नव्हती. ‘नाम प्ला’ हे माशांपासून केलेले खारट पाणी तेथे मिठासारखे वापरले जाते आणि मांसाचे तुकडे नसले की पदार्थ भाजीचाच, अशी अनेकांची सरळ समजूत असते. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्येही सुकी कोळंबी असते. तिसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याने पिवळ्या पाटीवरचे, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे लाल अक्षर दाखवले. ते ‘जे’. अशा ठिकाणी मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. ‘मांग्सावीरात’ म्हटले, तर अंडे येऊ शकते, हे लक्षात ठेवावे. यानंतर मी हॉटेल पाहताना समुद्राचे अंतर पाहण्याआधी नकाशावर जवळचे ‘जे’ उपाहारगृह शोधू लागले. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुकेतला शाकाहाराचा उत्सव असतो. तेव्हा अशी पिवळी निशाणे रस्तोरस्ती दिसतात.

*

क्राबीजवळचे रायले फोटोंत पाहून आम्ही सासूबाईंसह तेथे तीन रात्रींचे आरक्षण केले. चुनखडीच्या कड्यांमुळे तेथे रस्ताच जात नाही, जवळच्या आओ नांग या किनाऱ्यावरच्या गावाहून लांब शेपटीच्या होडीने जावे लागते, एवढे वाचले होते. होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून चालावे लागेल, हे मात्र ध्यानात आले नव्हते. सामान डोक्यावर आणि सासूबाईंचा हात हातात, असा आमचा प्रवेश झाला. शिवाय हॉटेल स्वस्त म्हणून पूर्व बाजूला घेतले होते. ओहोटीला तेथे चिखल आणि खारफुटी उघडी पडते. पोहायचे, तर चालत पश्चिमेच्या किनाऱ्यावर जावे लागते. जेवणाला पर्याय मोजके आणि महाग. पुढच्या वेळी मुक्काम आओ नांगला ठेवून रायलेला दिवसभरासाठी जाऊ, कारण क्राबीच्या मुस्लिम खानावळींतला पिवळा ‘खाओ मोक’ भात आणि तव्यावरची केळ्याची रोटी सासूबाईंनाही मनापासून आवडली.

*

थोडक्यात दोन सूचना करतो. खोलीच्या दरापुढे अधिकची दोन चिन्हे (++) असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के कर वेगळा लागतो. ३००० बात (थाई चलन) दराची खोली ३५३१ बातला पडते. दुसरे, बर्फावर मांडलेल्या माशांचा भाव बहुधा १०० ग्रॅमचा असतो. एका किनारी उपाहारगृहात आम्ही तो अख्ख्या माशाचा समजलो आणि बिल आल्यावर बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

*

किनारा सोडून जुन्या शहरात राहण्याबाबत मूळ लेखकांशी मी पूर्ण सहमत नाही. लहान मूल बरोबर असेल, तर हॉटेलचा पोहण्याचा तलाव आणि सकाळची भरपेट न्याहारी यांचे मोल फार आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये फुकेतच्याच काता किनाऱ्यावर होतो. मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्राच्या बाजूला पावसाळा असतो, पाण्याला खेच असते आणि किनाऱ्यावर लाल निशाण लागले की पाण्यात उतरायचे नसते. सातपैकी पाच दिवस ते निशाण खाली आलेच नाही, तेव्हा त्या तलावानेच आम्हाला तारले. बाहेरचे खाणे मात्र सोडले नाही. उग्र वासाचे दुरियान फळ आत आणू नये, अशी पाटी हॉटेलच्या दारावर होती. म्हणून आम्ही ते फाटकाबाहेर पावसात छत्रीखाली उभे राहून खाल्ले आणि पहारेकऱ्याने हसत हात धुण्याचा नळ दाखवला.