आदिवासींबरोबर उभं राहताना: काय शिकलात, कुठे चुकलात? (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतून गॅदरिंगचा निरोप आला. 'आदिवासी डान्स'. सोबत सामानाची यादी: काळा बॉडी पेंट, पानांचा स्कर्ट (प्लॅस्टिकचा चालेल), डोक्याला पिसं. मुलगी पाच वर्षांची, पिसांवर लट्टू.

मी पालघर जिल्ह्यात चार वर्षं नोकरी केली आहे. तिथे वारल्यांचा तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजायला लागला की बायका लुगडी नेसून, एकमेकींच्या कमरेला हात घालून तारपेवाल्याभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा नेम. काळा रंग फासलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.

बाईंकडे गेले ती भांडायच्या तयारीनंच. त्या म्हणाल्या, "अहो, सात वर्षं हाच डान्स बसवतोय, कुणी काही बोललं नाही." खरंय, मीही मोठ्या मुलाच्या वेळी टाळ्याच वाजवल्या होत्या. फोनवरचा तारप्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला नि म्हणाल्या, "हे तर सोपंय की, नुसते पाय मोजायचे." काळा रंग गेला, पानं गेली. गाणं मात्र सिनेमातलंच राहिलं, ट्रॅक आधीच ठरला होता म्हणे.

त्यावरून हा धागा. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, म्हणजे साधारण दर अकरा माणसांत एक. तरी माझ्या वर्गात, माझ्या सोसायटीत कुणीच नव्हतं, किंवा असलं तरी मला पत्ता नव्हता. तुम्ही काय शिकलात, मग काय केलंत? 'आम्ही वाटप केलं' छापाचं नको. फसलेलं आधी लिहा.

ठाणेकर

माझा छोटासाच. जूनमध्ये स्टेशनबाहेर ठाकरणी (ठाकर जमातीच्या बायका) शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. माझी घासाघीस ठरलेली. एकदा नुसती शेवळं उचलून निघालो तर मावशींनी मनगटच धरलं. "काकडं न घालता करशील तर घसा खाजंल, मग मला शिव्या देशील." वर मूठभर काकडं (आंबट रानफळं) फुकट टाकली. विचारलं तर कळलं, पहाटेची पहिली लोकल, त्याआधी तासभर डोंगर उतरायचा. घासाघीस त्या दिवसापासून बंद. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "फुकट उगवतं, ह्यांचं काय जातं" लिहिलं की आता गप्प बसत नाही. दोघांनी मला म्यूट केलंय.

गुरुजी

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात पहिली नेमणूक, पहिलीचा वर्ग. एक पोरगं हात वर करून "डा, डा" करतंय. मी खूश! फळ्यावर भला मोठा ड काढला, "शाब्बास, डमरूचा ड!" वर्ग चिडीचूप. शेवटी चौथीतली त्याची बहीण आली आणि त्याला माठाकडे घेऊन गेली. कोरकूत डा म्हणजे पाणी.

त्या दिवशी वही घातली. रोज पाच शब्द, पोरं शिकवणार, मी चुकणार. माझे उच्चार ऐकून हसून लोळायची. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, तिचं नातं झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीशी, हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. कामाच्या दिवसांत आईबापांबरोबर बाहेरगावी जाणारी पोरं गेलीच. पण आता वर्गात बोलतात. इतकी बोलतात की मलाच माठाकडे जावं लागतं.

निवृत्त कारकून

दिवाळीत मित्रांबरोबर कर्जतकडच्या एका कातकरी वाडीवर टेम्पोभर जुने कपडे नेले. फोटोबिटो झाले. निघताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही कचेरीतले ना? मग ह्ये बघा." प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्यांवर फाटलेला कागद. वनहक्काचा दावा, फेटाळलेला. कारण दोन शब्दांत: 'पुरावा अपुरा'. साठ दिवसांत वर दाद मागता येते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उभा जन्म फायलींत गेला माझा, पण २००६चा तो वनहक्क कायदा त्या रात्री पहिल्यांदा वाचला. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क. पुरावे किमान दोन हवेत. ते सरकारी कागदच असले पाहिजेत असं कुठेही नाही. घर, शेताचा बांध, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं, हे सगळं नियमांत पुरावा म्हणून बसतं.

मग मी हुशारी केली. बारा दावे घरी बसून सुबक अक्षरात लिहून काढले. वाडीच्या वनहक्क समितीतल्या एका बाईनं पहिलंच पान मोठ्यानं वाचायला लावलं. "ह्यात बांध उगवतीला लिवलाय. त्यो तिकडं नाय. तुमी श्येत बघितलंय का?" नव्हतं बघितलं. बाराच्या बारा पुन्हा लिहिले, या वेळी प्रत्येक बांधावर उभं राहून. आता माझं काम एवढंच: ती सांगते, मी लिहितो, आणि पोच मिळाल्याशिवाय कचेरीतून हलत नाही. तीन मंजूर झालेत, बाकीचे टेबलावर.

कपड्यांचं विचारू नका. माझा लग्नातला कोट एका बुजगावण्याच्या अंगावर आहे. शोभतोय.

सुरगाण्याची

मी कोकणा. (नाही, कोकणातली नाही. जमातीचं नाव आहे ते. हे मला महिन्यातून दोनदा सांगावं लागतं.)

पुण्यात हॉस्टेलला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऐकलं, "तू आदिवासी वाटत नाहीस." हे कौतुक होतं! मग "कोट्यातून ना?" हे कौतुक नव्हतं. वारली चित्र काढून दे म्हणून तर वाढदिवसागणिक मागे लागायचे. मला साधा आंबा काढता येत नाही, आणि आम्ही वारली नाही.

माझ्या रूममेटची एक गोष्ट सांगते. लॅबमध्ये एकानं माझ्याकडे बघून 'झिंगालाला' केलं. सगळे हसले. ही हसली नाही. शांतपणे म्हणाली, "मला कळला नाही जोक. समजावून सांग ना." त्याला सांगता येईना. तिनं पुन्हा विचारलं. तो बाहेर गेला. तिनं भाषण दिलं नाही, नंतर मला 'बघ, तुझ्यासाठी बोलले' असंही केलं नाही. एरवी दर वेळी मलाच बोलावं लागायचं, नाहीतर गिळावं लागायचं. त्या दिवशी मला सुट्टी मिळाली.

आणि वनवासी नका म्हणू, आदिवासी म्हणा. जमातीचं नाव माहीत असेल तर तेच घ्या.

टोरांटोहून

२०२२ला कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्यूइट आणि मेटी या इथल्या मूळ लोकांच्या हक्कांचा उल्लेख आहे. तो २०२१मध्ये आला. कुठून आला ते शोधलं, तर निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली शेवटची ही. शेवटची ओळ आमच्यासारख्या नव्यानं आलेल्यांसाठी राखून ठेवलेली. आम्ही राहतो तिथली अडीच लाख एकर जमीन १८०५च्या करारात १० शिलिंगला गेली. २०१०मध्ये त्यापोटी मिसिसागा लोकांना १४.५ कोटी डॉलर मिळाले. मला मिसिसागा हे फक्त शेजारच्या शहराचं नाव वाटायचं.

३० सप्टेंबरला, त्या निवासी शाळांतल्या मुलांच्या आठवणीच्या दिवशी, मुलगा शाळेत नारिंगी शर्ट घालून निघाला. आई भारतातून आली होती. त्यानं तिला सांगितलं, इथे मुलांना घरापासून तोडून शाळेत ठेवायचे आणि घरची भाषा बोलली की मारायचे. आई जव्हारकडे तीस वर्षं शिक्षिका होती. पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "मी अंगठे धरून उभं करायचे." तव्यावरची पोळी करपली. पुढे कुणीच काही बोललं नाही.

दादरकर

११ मार्च २०१८ची रात्र. नाशिकहून चालत आलेला शेतकरी-आदिवासींचा मोर्चा. सकाळी दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून रात्रीतूनच आझाद मैदानाकडे निघाला होता. त्या पोरांत माझी मुलगी होती. मी घरातल्या चपला घेऊन खाली उतरलो. एका बाईनं पाऊल पुढे केलं, टाच उकललेली, त्यात डांबर बसलेलं. चप्पल चढेना. "ऱ्हाऊ दे भाऊ, पाणी दे." पाणी दिलं. ते कशासाठी चालताहेत हे घरी येऊन वाचलं. वर कारकूनसाहेबांनी लिहिलंय त्याच कागदासाठी.

धागाकर्ती

गॅदरिंग काल झालं. पुठ्ठ्याचा तारपा, आईच्या ओढण्यांची लुगडी. पाय बरे पडले. माझी मुलगी मात्र पूर्ण वेळ तारप्याकडे पाठ करून मला टाटा करत होती. सुरगाण्याची, पुढच्या वर्षासाठी एखादं गाणं सुचवाल का?

सुरगाण्याची

मला काय विचारता, वारल्यांना विचारा! चार वर्षं होतात ना तिथे, फोन नंबर असतीलच की.