मदत हवी आहे: स्टेनलेस टाकीला वेल्डच्या शेजारीच गंज का येतोय?

नमस्कार मंडळी, मालवणच्या बाजूला आमचा घरगुती कोकम आगळाचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची ५०० लिटरची टाकी करून घेतली, ३ मिमी पत्रा. तळाचा जॉइंट झिरपायला लागला म्हणून फॅब्रिकेटरने त्याच जागी तीनदा वेल्ड मारला. आता खुद्द वेल्ड चकचकीत, पण त्याच्यापासून तीन-चार मिमीवर दोन्ही बाजूंनी तांबूस रेघ येते, बफिंग केलं की जाते आणि महिन्याभरात परत तिथेच हजर. तो म्हणतो पत्रा डुप्लिकेट आहे, चुंबक लावून बघा. लावलं तर वेल्डला किंचित चिकटतं, पत्र्याला नाही. काय समजायचं? टाकी वाचेल का?

प्रतिसाद १
चुंबकाचं सोडा. तडे जाऊ नयेत म्हणून वेल्डमध्ये थोडा फेराइट (पोलादाचं चुंबकाला चिकटणारं रूप) मुद्दाम ठेवतात, तो चिकटणारच.
स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जेमतेम काही नॅनोमीटरचा, ओरखडा पडला तरी हवेत आपोआप परत धरतो. पण त्यासाठी क्रोमियम साडेदहा टक्के तरी हवं, ३०४ मध्ये १८ च्या आसपास असतं. आता धातू आतून सलग नसतो, दाणे दाणे असतात, शेतं खेटून असावीत तसे ग्रेन आणि मधे बांध. वेल्डच्या जरा बाजूची जागा ४५० ते ८५० डिग्रीत रेंगाळली की कार्बन त्या बांधांवर क्रोमियमला धरून कार्बाइड करतो आणि बांधालगतची चिंचोळी पट्टी क्रोमियमविना उघडी पडते. तिथे थर नीट धरत नाही, आणि तुमचं आगळ म्हणजे आंबट अधिक मीठ, ते बरोबर तिथेच शिरतं. तीनदा तापवलंत म्हणजे तीनदा भर घातलीत.

प्रतिसाद २
सहमत, पण एक शंका. वेल्डनंतरचा निळा-पिवळा डाग नीट काढला नव्हता का? तसं असेल तर नुसत्या पिकलिंगने, म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग साफ करून, भागेल. तुकडा कापून लॅबला द्या, ऑक्झॅलिक ॲसिडने एच करून (पृष्ठभाग किंचित खाऊ देऊन) मायक्रोस्कोपखाली दाण्यांभोवती चर दिसले तर मात्र बफिंगने काही होणार नाही.

धागाकर्ता
डाग होताच, त्याने नुसता ग्राइंडर फिरवला. ३०४ एल घेतला असता तर?

प्रतिसाद १
त्यात कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत, त्यामुळे ही कार्बाइडची भानगड टळली असती, मिठाची नाही. ३१६ एल या दुसऱ्या ग्रेडमध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, तो जास्त टिकतो. १०५० डिग्रीला तापवून झटकन गार केलं की कार्बाइड विरघळतात, पण ३ मिमीची टाकी पार वाकडी होईल. तळ कापून ३१६ एल चा बसवा. आगळ महिनोन्महिने भरून ठेवणार असाल तर सरळ फूड ग्रेड ड्रम घ्या.